जुनी पाँटून बोट: १८ फुटी ४० एचपी घ्यावी की २२ फुटी ९० एचपी?

प्लायमथकर:

नमस्कार मंडळी. आम्ही मिनेसोटात प्लायमथला राहतो. या मोसमात जुनी पाँटून (ॲल्युमिनियमच्या दोन लांब, हवाबंद ट्यूबांवर सपाट डेक बसवलेली बोट) घ्यायचं नक्की झालंय आणि घोडं दोन बोटींवर अडलंय.

पहिली १८ फुटी, २०१३ चं मॉडेल. ट्यूबचा व्यास २३ इंच, ४० एचपीचं फोर-स्ट्रोक ईएफआय (फ्युएल इंजेक्शनचं) आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेली मोटर, २१० तास चाललेलं. डेकवर विनाइल, एका ॲक्सलचा बंक ट्रेलर (यात बोट लांब आधारपट्ट्यांवर बसते). बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवर ९ माणसं लिहिली आहेत. मागणी १३,५०० डॉलर.

दुसरी २२ फुटी, २००८ ची. ट्यूब २५ इंची, ९० एचपी फोर-स्ट्रोक, ६४० तास. डेकवर कार्पेट, दोन ॲक्सलचा ट्रेलर, पाटीवर १२ माणसं. मागणी १६,००० डॉलर.

आम्ही चौघं, मुलं ८ आणि १३ वर्षांची. उन्हाळ्यात नाशिकहून आई-बाबा येतात, दोघांचेही गुडघे दुखतात. म्हणजे एरवी चार ते सहा जण, मित्रमंडळी आली की नऊ-दहा. बहुतेक वेळा मेडिसिन लेक, अधूनमधून मिनेटोंका तळं. मुलांना मागे फुगवलेली रिंग बांधून ओढायचं आहे. बोट कायम ट्रेलरवरच राहील, ओढायला टोयोटा हायलँडर आहे.

जो तो म्हणतो "मोठीच घ्या", पण का ते कुणी सांगत नाही. ४० एचपी पुरेल का? आणि बघायला गेल्यावर नेमकं काय काय तपासायचं?

---

तळ्याकाठचा:

आधी लांबी विसरा, ट्यूबचा व्यास बघा. पाँटून किती माणसं सुखाने वाहून नेईल हे व्यासावर जास्त अवलंबून असतं, आणि त्याचा हिशोब कागदावर करता येतो.

२३ इंची ट्यूबच्या छेदाचं क्षेत्रफळ २.८८ चौरस फूट. १८ फूट लांबीने गुणलं की साधारण ५२ घनफूट. गोड्या पाण्याचं वजन घनफुटाला ६२.४ पौंड, म्हणजे एक ट्यूब पूर्ण बुडाली तर ३,२४० पौंड उचलते. पुढच्या निमुळत्या नाकाची थोडी वजावट होईल, पण अंदाजाला एवढं पुरे. ट्यूब दोन आहेत आणि आपल्याला त्या निम्म्याच पाण्यात हव्यात. म्हणून १८ फुटीचं माणसांसकट सगळं वजन ३,२४० पौंडांच्या आत राहिलं पाहिजे.

याच हिशोबाने २५ इंची २२ फुटीचा आकडा येतो ४,६८० पौंड. लांबी चारच फूट जास्त, पण वजन उचलायची ताकद जवळजवळ दीडपट. "मोठीच घ्या" यामागचं खरं कारण हे.

आता वजनं मांडा. १८ फुटी बोट रिकामी साधारण १,४५० पौंड, मोटर २५०, भरलेली टाकी ११०, बॅटरी-नांगर-लाइफ जॅकेटं १००. झाले १,९१०. उरले १,३३०, म्हणजे सरासरी १६५ पौंडांची आठ मोठी माणसं. २२ फुटी: बोट २,०००, मोटर ३७०, पेट्रोल १५०, सामान १५०, एकूण २,६७०. उरले २,०१०, म्हणजे बारा माणसं. रिकाम्या बोटीचे हे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमध्ये मिळेल.

तुमच्या घरच्या सहा जणांना १८ फुटी आरामात पुरते. दहा जणांना पुरत नाही. पाटीवर ९ आहेत म्हणून दहावं माणूस कायद्यानेही नको, आणि नऊ जण जरी बसले तरी पाटीवर माणसांचं पौंडातलं वजनही लिहिलेलं असतं, तेही पाळायचं. आकडा आणि वजन, दोन्हींपैकी जे आधी भरेल तिथे थांबायचं.

४० एचपीबद्दल. चार जण असताना ही बोट ताशी १७-१८ मैल जाईल. आठ जण बसवले की १२-१३ वर येते. ८ वर्षांच्या मुलाला रिंगवर १० ते १२ मैल भरपूर झाले, तेव्हा आज अडचण नाही. १३ वर्षांच्या मुलाला पुढच्याच वर्षी ते संथ वाटायला लागेल. ९० एचपी लावलेली २२ फुटी सहा माणसांसह २२ ते २४ मैल सहज देते. पेट्रोलही त्याच प्रमाणात: पूर्ण थ्रॉटलला आउटबोर्ड तासाला एचपीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढे गॅलन पितं, म्हणजे एक चार गॅलन, दुसरं नऊ. रमतगमत चालवलं तर दोन्हीकडे खर्च किरकोळ.

माझा कल २२ फुटीकडे, पण फक्त कागदावर. ती पाच वर्षांनी जुनी बोट आहे, डेक आणि ट्यूब बघितल्याशिवाय कल ठरवू नका.

---

हिच_पिन:

हायलँडर नेमकी कुठली? साधी व्ही-६ टोइंगच्या तयारीची असेल तर ५,००० पौंड ओढते. हायब्रिड असेल तर ३,५००. इथेच निर्णय फिरू शकतो.

२२ फुटीचे वर काढलेले २,६७० पौंड आणि दोन ॲक्सलचा ट्रेलर साधारण १,१००, म्हणजे पावणेचार हजार. १८ फुटी १,९१० अधिक ट्रेलर ७००, म्हणजे २,६००.

मिनेसोटात ३,००० पौंडांपासून पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. २२ फुटीच्या ट्रेलरवर सर्ज ब्रेक (गाडी थांबताना ट्रेलर पुढे रेटला की आपोआप लागणारे) असतील, पण ते चालतात का हे बघावंच लागतं. जोडणीपाशी मास्टर सिलिंडरचं झाकण उघडा: तेल काळं किंवा गढूळ असेल तर ब्रेककडे कुणी बरीच वर्षं पाहिलेलं नाही. ट्रेलर सावकाश पुढे ओढून थांबवला की जोडणीचा दांडा आत सरकला पाहिजे. गंजून जागच्या जागी बसलेला असेल तर ब्रेक नावापुरते.

टायरच्या बाजूवर डीओटी खुणेच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ३११३ म्हणजे २०१३ चा ३१ वा आठवडा. ट्रेलरचे टायर घासून संपत नाहीत, उन्हाने आणि वयाने संपतात. सहा वर्षांपुढचे असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, नवे टायर किमतीत धरा. एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) प्रकारचेच घ्या, मोटारीचे टायर ट्रेलरला नकोत.

बेअरिंगसाठी चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. घरघर ऐकू आली किंवा वर-खाली हलवल्यावर चाक डुगडुगलं तर बेअरिंग आणि सील बदलायची. हबच्या आतल्या बाजूने ग्रीस बाहेर उडालेलं दिसलं तर सील आधीच गेलेलं आहे.

१८ फुटीचा ट्रेलर बंक प्रकारचा आहे हे उत्तम. सिझर ट्रेलर (बोटीला मधून खालून उचलणारा) अरुंद असतो, बोट उंचावर बसते, हायवेवर आडव्या वाऱ्यात डोलते. तो घरापासून रॅम्पपर्यंतच (बोट पाण्यात उतरवायच्या उतारापर्यंतच) ठीक.

---

प्लायमथकर:

दोघांचेही मनापासून आभार. हायलँडर हायब्रिड आहे. पुस्तिकेत ३,५०० पौंडच लिहिलेत.

---

हिच_पिन:

मग २२ फुटी या गाडीने ओढायची नाही. "जवळच तर जायचंय" हा विचार इथे उपयोगाचा नाही, कारण प्रश्न ओढण्यापेक्षा थांबवण्याचा आणि ओल्या रॅम्पवरून वर काढण्याचा आहे. शिवाय पाँटूनचं अंग मोठं, हवेचा अडथळा जास्त, त्यामुळे त्याच वजनाच्या मासेमारीच्या बोटीपेक्षा गाडीवर ताण जास्त येतो.

२२ फुटी घ्यायचीच असेल तर दोन मार्ग. मोसमभर मरीनात जागा भाड्याने घ्यायची आणि वसंतात व शरदात ने-आण त्यांच्याकडून करून घ्यायची. किंवा गाडी बदलायची. दोन्हींचा खर्च बोटीच्या किमतीत मिळवा आणि मग तुलना करा.

---

उत्तरेचा_वारा:

मी १८ फुटीच्या बाजूने बोलतो, आणि फक्त गाडीमुळे नाही.

मेडिसिन लेक सुमारे ९०० एकरांचं. एवढ्या पाण्यात २२ फुटीचं मोठेपण फारसं कामी येत नाही. पाँटून जन्मालाच आली ती अशा शांत तळ्यांसाठी: १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटातल्याच रिचमंडजवळच्या ॲम्ब्रोज वीअर्स या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं ओळीने जोडून त्यांवर लाकडी फळ्यांचा मंच बसवला, तिथून हा उद्योग उभा राहिला.

तुमच्याकडे बोट हाकणारे बहुधा तुम्ही एकटे, सोबत दोन लहान मुलं आणि गुडघे दुखणारे आई-बाबा. म्हणजे धक्क्याला लावताना उडी मारून दोर धरणारं माणूस नेहमी असेलच असं नाही. पाँटूनच्या कठड्याचे पत्रे वारा धरतात. २२ फुटीला चार फूट जास्त पत्रा. ताशी १५ मैलांचा आडवा वारा असला की धक्क्यापाशी वेग कमी केल्याबरोबर नाक वाहवत जातं. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून, तिरकं, पायी चालण्याच्या वेगाने यायचं आणि शेवटच्या क्षणी रिव्हर्सने मागची बाजू आत ओढायची. १८ फुटीवर हे एका माणसाला लवकर जमतं.

मात्र ४० एचपीच्या मोटरची गिअरकेस (पाण्याखालचा गिअरांचा डबा) कुठली आहे ते जरूर बघा. पाँटूनसाठी मोठ्या गिअरकेसची मॉडेलं येतात, मर्क्युरी त्यांना पूर्वी बिगफूट म्हणायची, आता कमांड थ्रस्ट म्हणते, यामाहा हाय थ्रस्ट. मोठा प्रॉप (पाण्यात फिरणारा पंखा), जास्त रिडक्शन (पंखा इंजिनापेक्षा सावकाश, पण जोराने फिरतो), त्यामुळे कमी वेगात ढकलायची आणि मागे ओढायची ताकद जास्त. साध्या गिअरकेसची ४० एचपी वाऱ्यात केविलवाणी होते.

मिनेटोंकाचं वेगळं. साडेचौदा हजार एकर, शनिवार-रविवारी मोठ्या वेकबोटींच्या (मुद्दाम लाटा काढणाऱ्या बोटींच्या) लाटा चारी बाजूंनी. २३ इंची ट्यूबवर, पुढच्या सोफ्यांवर चार मोठी माणसं बसलेली असताना समोरून लाट आली आणि घाबरून थ्रॉटल एकदम बंद केला की नाक खाली जातं आणि पाणी पुढच्या दारातून डेकवर येतं. असं होऊ नये म्हणून वजन मागे सरकवून बसवायचं, मोटरचा कोन थोडा बदलून (ट्रिम करून) नाक वर ठेवायचं, लाट ३० ते ४५ अंशांत तिरकी घ्यायची आणि थ्रॉटल थोडा चालूच ठेवायचा. सकाळी दहाच्या आत किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर हा प्रश्नच येत नाही.

आई-बाबांसाठी लांबीपेक्षा दार महत्त्वाचं. बाजूचं दार किती रुंद आहे ते टेपने मोजा, २८ इंचांच्या खाली असेल तर कुणाचा तरी हात धरून तिरकं आत शिरावं लागतं. दाराशेजारी धरायला कठड्याचा पक्का नळ आहे का, आणि तिथून सावलीतल्या पहिल्या बैठकीपर्यंत किती पावलं, तेही बघा. डेक धक्क्यापेक्षा बराच खाली येत असेल तर रुंद पायाची घडीची पायरी ठेवा. दुखऱ्या गुडघ्याला उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं. बिमिनीचं (घडीचं, कापडी) छत १८ फुटीवर बहुधा आठ फुटी असतं, सहा जणांना दुपारी पुरत नाही. दहा फुटी बसवायला जागा आहे का ते विचारा.

---

तळ्याकाठचा:

वाऱ्याबद्दल थोडा मतभेद. २२ फुटीला पत्रा जास्त तसं वजनही जास्त आणि मागे ९० एचपी. एकदा सरळ धरली की ती ओळ सोडत नाही, हलकी १८ फुटी झुळकेसरशी सरकते. पण एकट्या माणसाने हाताने ओढून धक्क्याला घ्यायची वेळ आली तर १८ फुटीच बरी, हे मान्य. आणि गाडी हायब्रिड असल्याने माझा कल तसाही गळून पडला.

आता तपासणी. पाण्यात चालवून दाखवायला तयार नसलेल्याची बोट घेऊ नका. लोअर युनिटला (मोटरच्या पाण्याखालच्या भागाला) पाण्याचा पाइप लावून अंगणात सुरू केलेली मोटर काहीच सांगत नाही.

मोटर थंड असताना पोहोचा. आधीच सुरू करून गरम केलेली असेल तर थंड सुरुवातीचा त्रास लपतो. सुरू झाल्यावर मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार जोरात आणि सलग यायला हवी. तुटक आली तर इम्पेलर (मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा) झिजलाय किंवा भोकात कचरा अडकलाय. इम्पेलर दर दोन-तीन वर्षांनी बदलायची वस्तू, कधी बदलला ते विचारा.

लोअर युनिटचा खालचा स्क्रू थोडा सैल करून गिअर ऑइलचे चार थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल तर पाणी आत शिरतंय, बहुधा प्रॉपच्या दांड्यावर मासेमारीची दोरी गुंडाळून सील कापलं गेलंय. इथल्या हिवाळ्यात ते पाणी गोठून गिअरकेस फुटू शकते. स्क्रूच्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल चालतो, धातूचे तुकडे नाही.

कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरचं मोजून घ्या. नुसता आकडा फार मोठा असून भागत नाही, सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत पाहिजे. आणि तास मोटरच्या संगणकातून काढून घ्या. डॅशबोर्डवरचा मीटर बदलता येतो. त्या छापील कागदावर कुठल्या आरपीएमला किती तास चालली हेही असतं.

२१० तास आणि ६४० तास या फरकाने मात्र बिचकू नका. इथे मोसम मे ते सप्टेंबर. दरवर्षी तेल बदललेलं, नीट हिवाळी तयारी केलेलं ६४० तासांचं फोर-स्ट्रोक बेलाशक घ्यावं. तीन वर्षं कोपऱ्यात पेट्रोलसकट पडून राहिलेलं २१० तासांचं जास्त त्रास देतं.

पाण्यात पूर्ण थ्रॉटलला आरपीएम वाचा. बहुतेक मोटरींची कंपनीने दिलेली मर्यादा ५,००० ते ६,००० च्या दरम्यान असते, पुस्तिकेत बघून जा. तीन माणसांसह तिथपर्यंत पोहोचत नसेल तर प्रॉपची पिच (एका फेऱ्यात तो बोट किती पुढे ढकलतो तो आकडा) जास्त आहे, मोटर कमजोर आहे, किंवा बोट दिसते त्यापेक्षा जड आहे. तिसरं कारण सगळ्यात वाईट.

अर्धा तास पाण्यात चालवून झाल्यावर ट्रेलरवर घेऊन रॅम्पवरून वर काढा आणि ट्यूबखाली वाकून बसा. बाहेरचं पाणी पाच मिनिटांत निथळून संपतं. त्यानंतरही एखाद्या वेल्डच्या रेषेतून थेंब पडतच राहिला तर आत पाणी आहे आणि तिथेच चीर आहे. मोटर जिथे बसते त्या पॉडच्या वेल्डवर आणि ट्यूब डेकला जोडणाऱ्या पट्ट्यांच्या टोकांशी टॉर्च मारून बघा, चिरा तिथेच पडतात.

---

प्लायमथकर:

दोन्ही बोटी पाण्यात चालवून पाहिल्या.

१८ फुटी: मोटर थंड असताना लगेच सुरू झाली, धार चांगली, गिअर ऑइल स्वच्छ. तिघांसह पूर्ण थ्रॉटलला ५,७५०. गिअरकेस मोठी आहे. ट्रेलरचे टायर २०१३ चेच. मागच्या सोफ्यांखाली उंदरांची घरटी आणि वास.

२२ फुटी: मोटर गुळगुळीत, पण पूर्ण थ्रॉटलला ४,७०० च्या वर जाईना. बाजूच्या दारापाशी आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात कार्पेटखाली पाय थोडा दबतो. मालक म्हणतो कार्पेट सैल झालंय. १,५०० कमी करायला तयार आहे. गाडीचा प्रश्न भावाच्या पिकअपने सुटू शकतो, म्हणून अजून मनातून गेलेली नाही.

---

प्लायवूड_पाऊण_इंच:

कार्पेट सैल होऊन पाय दबत नाही. पाऊण इंची प्लायवूड कुजलं की दबतो. दारापाशी आणि मागच्या कोपऱ्यांत पाणी साचतं, कार्पेट ते धरून ठेवतं आणि लाकूड वरून नाही तर खालून आणि बोल्टच्या भोकांपासून सडतं. म्हणून वरून बघून काही कळत नाही. ट्रेलरखाली झोपून आडव्या तुळयांवर जिथे बोल्ट आलेत त्याभोवती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. सुकं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. टोक दाबून पाव इंच आत गेलं तर तो तक्ता संपला. मग कठड्याचे नळ हलवा: डेकला धरणारे बोल्ट मऊ लाकडात असतील तर कठडा बाहेर झुकतो. म्हाताऱ्या माणसाने आधाराला धरायची तीच जागा, ही गोष्ट गंभीर आहे.

दोन जागी दबतंय म्हणजे ठिगळ लावून भागणार नाही, सगळा डेक काढावा लागेल. साडेआठ फूट बाय चार फुटांचे तक्ते २२ फुटीला सहा लागतात, १८ फुटीला पाच. सोफे, कन्सोल, कठडा, स्टिअरिंग आणि थ्रॉटलच्या केबली सगळं सुटं करावं लागतं. तक्त्याच्या किमतीपेक्षा वेळ मोठा, दोन माणसांचे तीन-चार शनिवार-रविवार धरा. जुने बोल्ट गोल फिरतात, ते ग्राइंडरने कापावे लागतात.

तक्ता कुठला घ्यायचा यावर भर देऊन सांगतो. साध्या दुकानातलं हिरवट, तांब्याची प्रक्रिया केलेलं प्लायवूड आणायचं नाही. त्यातलं तांबं ओलाव्यात ॲल्युमिनियम खातं. काही वर्षांत तुळयांवर पांढरी पूड आणि खड्डे दिसायला लागतात. पाँटूनसाठी म्हणून विकलं जाणारं, ॲल्युमिनियमला चालणारं मरीन प्लायवूडच घ्या. बोल्ट स्टेनलेसचे. कडा आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद करायचं, आणि वर कार्पेटऐवजी विनाइल.

तुळया उघड्या पडतील तेव्हा त्यांच्यातलं अंतर मोजा. १६ इंच असेल तर चांगली बांधणी, २४ असेल तर नवा तक्ताही मधोमध थोडा लवचिक राहणारच.

---

तळ्याकाठचा:

४,७०० आरपीएम आणि कुजलेला डेक एकत्र वाचा. भिजलेलं लाकूड आणि कार्पेट काही शे पौंड वाढवतं, पण तेवढ्याने ३०० ते १,३०० आरपीएम जातील असं वाटत नाही. आधी प्रॉपवरची पिच वाचून घ्या, ती मोठी असेल तर कारण सोपं. नसेल तर ट्यूबमध्ये पाणी असल्याचा संशय घ्या.

पाण्यात तरंगत असताना मागून बघा, दोन्ही ट्यूब सारख्याच बुडाल्यात का. एका बाजूला दोन इंचांचा फरक दिसला, आणि टाकी-बॅटरी त्या बाजूला नसतील, तर उत्तर मिळालं. ट्रेलरवर असताना ट्यूबच्या तळावर मुठीने ठोकत नाकापासून मागे जा, पाणी असलेल्या कप्प्यापाशी आवाज बदलतो. नक्की करायचं असेल तर ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर बोट ट्रेलरसकट तोला. कॅटलॉगचं वजन, मोटर, पेट्रोल आणि ट्रेलर यांची बेरीज एकीकडे, काटा दुसरीकडे. पाचशे पौंडांचा फरक म्हणजे साठ गॅलन पाणी कुठेतरी आहे.

चीर शोधायला दाबाची चाचणी करतात: ड्रेन प्लगच्या जागी व्हॉल्व्ह लावून जास्तीत जास्त २ पीएसआय हवा भरायची आणि वेल्डवर साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडे येतील तिथे भोक. कॉम्प्रेसर थेट जोडायचा नाही, हातपंपाने भरायचं. तीन-चार पीएसआयच्या पुढे ट्यूबचं पातळ ॲल्युमिनियम फुगतं आणि वेल्ड उलटा फाटतो. वेल्डिंग ॲल्युमिनियमचं टिग करणाऱ्याकडूनच, बाहेरून इपॉक्सी थापून नाही. आत पाणी असताना बोटीने हिवाळा काढला असेल तर बर्फाने तळ फुगलाय का तेही बघा, फुगलेली ट्यूब दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

१,५०० ची सूट या कामांना पुरत नाही. तक्ते, विनाइल, बोल्ट, इपॉक्सी एवढ्यातच ती संपते, वेल्डिंग आणि मजुरी वेगळी. पिकअप मिळाला तरी ही बोट सोडा.

---

उत्तरेचा_वारा:

१८ फुटीच्या उंदरांकडे थोडं लक्ष द्या. सोफ्यांच्या बैठका उचलून खालची पेटी लाकडाची आहे की प्लास्टिकची ते बघा. प्लास्टिकची असेल तर फोम बदलून काम होतं. मूत्राचा वास फोममध्ये मुरतो, धुऊन जात नाही, तेव्हा त्या बैठकांचा फोम टाकूनच द्यायचा. साफ करताना कोरडं झाडू नका. जंतुनाशकाने भिजवून, हातमोजे आणि मास्क घालून कागदाने उचला. उंदीर वायरीही कुरतडतात, म्हणून कन्सोलखालच्या वायरी, दिवे आणि भोंगा एकेक चालवून बघा.

पुढच्या हिवाळ्यात झाकण घालण्याआधी बैठका उभ्या करून ठेवा, म्हणजे खाली घरटं करायला ऊब मिळत नाही. पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं मोटर चालवा, इंजिन आणि गिअर दोन्ही तेलं शरदातच बदला, मोटर उभी ठेवा म्हणजे पाणी आपोआप निथळतं. बॅटरी पूर्ण चार्ज करून सोडवून ठेवा. भरलेली बॅटरी गोठत नाही, उतरलेली गोठून फुटते. मिनेसोटात बोटींसाठी इथेनॉल नसलेलं ९१ ऑक्टेन पेट्रोल बऱ्याच पंपांवर मिळतं, वर्षभर तेच वापरा.

---

हिच_पिन:

टायर २०१३ चे म्हणजे दोन्ही टायर, सुटं चाक आणि बेअरिंग एवढं किमतीतून कापून मागा. विक्रेत्याला फोटो दाखवा, तो नाही म्हणू शकणार नाही. फोमचेही धरून साडेबारा हजारांपर्यंत यायला हरकत नसावी.

कागद: मिनेसोटात १६ फुटांपेक्षा लांब बोटीला टायटल (मालकीचं प्रमाणपत्र) असतं. त्यावरचा १२ अक्षरांचा हल नंबर (बोटीचा ओळख-क्रमांक) बोटीच्या मागच्या उजव्या बाजूच्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळवा. नंबराची पट्टी उचकटलेली किंवा रिव्हेट नवे वाटले तर तिथेच थांबा. टायटलवर बँकेचं नाव असेल तर कर्जमुक्तीचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, तेही त्याच दिवशी घ्या.

८ वर्षांच्या मुलाला बोट चालू असताना जॅकेट घालणं इथे कायद्याने सक्तीचं आहे, दहा वर्षांखालच्या सगळ्यांना. माणशी एक जॅकेट आणि फेकायची एक गादी बोटीवर हवी. जुन्या बोटीसोबत मिळणारी जॅकेटं बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात, मुलांची वजनाप्रमाणे नवी आणा.

मिनेटोंकात झेब्रा शिंपले (बोटींबरोबर एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणारे उपद्रवी शिंपले) आहेत. तिथून निघताना रॅम्पवरच ड्रेन प्लग काढायचा, वनस्पती हाताने काढायच्या आणि प्लग बाहेर ठेवूनच रस्त्याला लागायचं, तसा नियम आहे. मेडिसिन लेकला जायच्या आधी बोट पाच दिवस उन्हात पूर्ण सुकू द्या. पुढे कधी धक्क्यासाठी जुनी लिफ्ट (बोट पाण्याबाहेर उचलून ठेवायचा सांगाडा) दुसऱ्या तळ्यावरून आणायची झाली तर तिला २१ दिवस कोरडं ठेवावं लागतं.

पहिल्यांदा घरी आणताना जुन्या टायरांवर हायवेला लागू नका. विक्रेत्याच्या गावातच टायर बदलून घ्या, हिचवर ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार येतोय ना ते बघा, म्हणजे तुमच्या २,६०० पौंडांना २६० ते ३९० पौंड. कमी भरला तर विंचचा खांब थोडा पुढे सरकवून बोट पुढे घ्या. दहा मैलांनंतर थांबून हब हाताने चाचपा, हात ठेवता येणार नाही इतका गरम असेल तर बेअरिंग तिथेच बघायचं.